'पात्र', 'गरजू' आणि 'निकड'

ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचतात तेव्हा कानावर पडतं 'पात्र लाभार्थी'. 'गरजू लाभार्थी' कुणी म्हणत नाही. दोन्हींत फरक काय? 'ज्याचे हाल जास्त, त्याला घर आधी' या अर्थाचा चपखल शब्द कोणता?

प्रतिसाद : फरक मोठा आहे. 'पात्र' म्हणजे मुळात भांडं. दान ज्यात घालायचं ते, म्हणून पुढे दान घ्यायला योग्य माणूस. पात्रता देणारा ठरवतो. 'गरज' अरबीतून आली, तिला मराठी 'ऊ' लागून 'गरजू' झाला. गरज ज्याची त्यालाच ठाऊक.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून सुरुवातीला अपात्र ठरवणारे तेरा निकष होते. घरात दुचाकी असली की कुटुंब अपात्र. आमच्या गावात कुडाच्या घरात राहणाऱ्या एका म्हातारीचं नाव मुलाच्या जुन्या मोटारसायकलीपायी कटलं. पावसाळ्यात तिच्या चुलीवर पाणी गळायचं. ती गरजू होती, पात्र नव्हती. 2024 मध्ये ती अट काढली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

प्रतिसाद : म्हाडाची 'सोडत'ही इथे आठवते. 'सोडणे'वरून सोडत, जसं रंगण्यावरून रंगत. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्न गट पाडतात आणि पुढे, आरक्षणं वगळता, गटातले सगळे सारखे. भाड्याच्या खोलीतून उद्या बाहेर पडावं लागणारा आणि आईवडिलांच्या घरात निवांत असलेला, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात. सोडतीत वशिला चालत नाही हे खरं, पण हाल मोजायला तिच्यात जागाच नाही. म्हणून तिला 'घरवाटप' म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद : चपखल शब्द मराठीत आहे : निकड. गरज थांबू शकते, निकड थांबत नाही. ग्रामीण घरकुलाच्या क्रमात हे थोडंफार दिसतं : बेघर आधी, मग शून्य खोलीचं कच्चं घर, मग एक, मग दोन खोल्यांचं. त्याला सरकारी नाव 'प्राधान्यक्रम'. आधी कोण ते त्यातून कळतं, का ते कळत नाही.

मूळ विचारणारा : मनापासून आभार. 'निकडीनुसार घरवाटप' असं लिहितो. यादीच्या मथळ्याला 'निकडक्रम' चालेल का? कुणाच्या गावात असा काही शब्द बोलण्यात असेल तर जरूर कळवा.