१४ इंची बँडसॉवर सागाच्या फळ्या पाडायला परवडेल असं ब्लेड कुठलं घेऊ?

वासा_ते_फळी
नमस्कार मंडळी. आजोळचं कौलारू घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं, त्याचे सागाचे सहा वासे मी मागून आणलेत, ५ बाय ३ इंची, आणि त्यातून पाच मामे-मावस भावंडांना एकेक पेटी करून द्यायचीय, दिवाळीच्या आत. मशीन १४ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत, १४ इंच हा चाकाचा व्यास), १ एचपी, ६ इंच उंचीपर्यंत लाकूड घेतं, ब्लेडची लांबी ९३.५ इंच. वाशाची ५ इंची बाजू उभी धरून ४-४ सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फळ्या पाडायच्यात. मशीनबरोबर आलेलं ब्लेड २ सूत रुंद आहे, इंचाला ६ दात, त्याने एक तुकडा चिरला तर वर-खाली रेघेवर बरोबर आणि मधे फळीला पोट आलेलं, दीड सूत तरी असेल, वर भुसा जळल्याचा वास. मित्राकडे टेबलसॉ आहे पण १० इंची चकती साधारण ३ इंचच वर येते म्हणजे दोन्हीकडून कापायचं आणि दर कापाला १ सूत लाकूड भुशात जाणार. हे लाकूड परत मिळायचं नाही हो, म्हणून जीव तुटतो. कार्बाइडचं (फार कठीण दातांचं) घे असं सगळे सांगतात पण ते बजेटच्या फार वर आहे, दोन हजाराच्या आत बसवायचंय. काय घेऊ?

वखारवाला
दादा, पोट येतंय ते दातांमुळे. ५ इंच उंचीत इंचाला ६ म्हणजे एका वेळी ३० दात लाकडात, आणि दोन दातांमधली खाच एवढीशी, ती अर्ध्यातच भुशाने भरते, मग दात कापायचे सोडून घासतात, ब्लेड गरम होतं आणि मधे वाकून सरकतं. वर-खाली गाइड (ब्लेडला आधार देणारे ठोकळे) धरून असतात म्हणून तिथे रेघ सुटत नाही. फळ्या पाडायला इंचाला ३ दात, हुक दात (म्हणजे पुढे झुकलेला), ४ सुती रुंदी. आंधळेपणाने हे घ्या. साधं कार्बन स्टीलचं घ्या, पण दोन घ्या. सागात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते, एका ब्लेडात सहा वासे होतील असं समजू नका.

वासा_ते_फळी
धन्यवाद काका. पण दुकानात विचारलं तर तो बायमेटल (दोन धातूंचं, दात जास्त कडक) दाखवतोय, २७ मिमी रुंद, म्हणतो हे वर्षभर चालेल. रुंद ब्लेड जास्त सरळ कापेल ना?

एक_सूत
नका घेऊ!! ते लोखंड कापायच्या मशीनचं. २७ मिमीचं ब्लेड ०.९ मिमी जाड असतं, तुमच्या १४ इंची चाकावर दर फेऱ्याला दोनदा वाकून सरळ होणार, दाताच्या मुळाशी चीर पडून चार दिवसांत तुटेल. १४ इंची चाकाला ०.६५ मिमी जाडी ही वरची हद्द धरा, याहून पातळ मिळालं तर उत्तमच. आणि रुंद म्हणजे सरळ हे अर्धंच खरं आहे, रुंद ब्लेडला ताणही तेवढाच जास्त लागतो आणि १४ इंची मशीनची फ्रेम तो ताण देऊ शकत नाही, तुम्ही स्क्रू आवळत जाल आणि फ्रेमच वाकेल. माझ्याकडे असंच मशीन आहे, ६ सुती लावून बघितलं होतं, ४ सुतीपेक्षा वाकडं कापलं. बायमेटलच हवं तर १३ बाय ०.६५ मिमी, इंचाला ३ किंवा ४ दात असं माप सांगून मागा. लेनॉक्स असो, विकस असो की आपलं बिपिको, नाव नंतर, आधी जाडी बघा. चालतं खूप दिवस, पण किंमत कार्बनच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला.

रत्नागिरीकर
अजून एक स्वस्त उपाय सांगतो. फ्रोझन मासळी-मटण कापायच्या बँडसॉचं ब्लेड. १६ मिमी रुंद (५ सूत), जाडी अर्धा मिमीच्या आसपास, इंचाला ३-४ दात, दाताची टोकं कडक केलेली. इकडे मासळीच्या फॅक्टऱ्या आहेत त्यामुळे जोडून देणारे सापडतात. पातळ असल्याने लाकूड कमी खातं. पण दातांना सेट (दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात ते) फार कमी म्हणून सागासारख्या तेलकट लाकडात चिकटतं, हळू ढकलावं लागतं. मी आंबा आणि फणसावर वापरलंय, फणसावर छान. सागावर एक वासा करून मग ठरवा.

वखारवाला
हे बरोबर आहे, पण नवीन माणसाने आधी कार्बनवर हात बसवावा.

आणि एक राहिलंच, सगळ्यात महत्त्वाचं. कौलारू घराचे वासे म्हणताय, त्यावर रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) ठोकलेल्या असणार, म्हणजे दर फूटभराने खिळे! डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही. लाकडावर काळा डाग दिसला की तिथे थांबा, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून चारही बाजूंनी फिरवा. एका खिळ्याने अख्खं ब्लेड जातं, मग ते दोनशेचं असो की कार्बाइडचं. स्वस्त ब्लेड घ्या म्हणतोय त्याचं अर्धं कारण हेच.

एक_सूत
पुण्यात असाल तर बोहरी आळीत आणि मुंबईत असाल तर नागदेवीला विचारा, रोलवरून मापाने कापून जोडून देणारे मिळतात. जोड बोटाने तपासा (मशीनवर नाही, हातात धरून), मागची कड एका रेषेत हवी, टेंगूळ राहिलं तर दर फेऱ्याला फळीवर ठोका बसतो. लांबीची खात्री करायची तर दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर दुप्पट, त्यात चाकाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा. ताणाचा स्क्रू मधे ठेवून मोजा.

वासा_ते_फळी
मंडळी, अपडेट. कार्बनची दोन ब्लेडं घेतली, ४ सुती, ३ दात, ०.६५. बजेटच्या आत बसली, वर चुंबकही आलं. पहिल्या वाशात अकरा खिळे निघाले, त्यातले चार आतच तुटलेले, पटाशीने कोरून काढले. एका वाशाच्या ५ फळ्या, काका तुमचा शब्द खरा, पोट नाही! वाशाच्या ३ इंच जाडीच्या २४ सुतात ५ फळ्यांचे २० आणि चार कापांचे मिळून २ सूत गेले. फक्त ब्लेड डावीकडे ओढतंय, फेन्सला (लाकूड टेकवायच्या सरळ पट्टीला) लावून ढकललं की शेवटाकडे फळी पातळ होते.

एक_सूत
फेन्स ब्लेडच्या ओढीप्रमाणे फिरवा. टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारा, फेन्सशिवाय हाताने रेघेवर चिरा, अर्ध्यात मशीन बंद करा, फळी ज्या कोनात थांबलीय तोच कोन फेन्सला द्या. त्याआधी ब्लेड चाकाच्या रबरावर मधोमध चालतंय का बघा, पुष्कळदा ओढ तिथेच संपते. आणि घाई नको, मोटर १ एचपीच आहे, आवाज उतरला की हात सैल करा.

वखारवाला
ब्लेडवर सागाचा चिकटा बसला की रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्याने पुसा, मशीन बंद करून, प्लग काढून. काम संपलं की ताण सोडत जा. आणि तोंडाला मास्क बांधा हो, सागाचा भुसा छातीला बाधतो.

वासा_ते_फळी
फेन्स फिरवला, जमलं. तीन वासे झाले, एक ब्लेड बोथट झालं. चौथ्या वाशाच्या टोकाला जुन्या सुताराने जोडासाठी पाडलेली खूण निघाली, पटाशीच्या तीन रेघा. ते टोक चिरत नाहीये, मामाच्या मुलीच्या पेटीच्या झाकणावर तसंच येईल. फोटो रविवारी टाकतो.