मदत हवी आहे: 'बॅसिलिस्क'मधली २० नावं आणि कौगा-इगाची भानगड

खारेदाणे
'बॅसिलिस्क' बघतोय (निन्जांच्या दोन कुळांची २००५ ची २४ भागांची ॲनिमे मालिका, जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल). काही भाग झाले आणि गाडी अडली. 'नारुतो' ह्या निन्जा मालिकेची सवय, त्यामुळे आधी गुरुकुल, मग परीक्षा, मग लढाया असं काहीतरी डोक्यात होतं. इथे पहिल्याच भागात म्होरके गारद! कोण कौगा, कोण इगा, कळत नाही. शिवाय हे सगळे गावं सोडून सुन्पु शहराकडे का निघतात? आणि इगाची ओबोरो लढत का नाही? कृपया शेवट फोडू नका.

रेघोट्या
चेहऱ्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल. विद्येवरून ओळखा. इथे प्रत्येकाकडे एकच विद्या आहे. ती वाढत नाही, लढाई सुरू झाल्यावर नवी शिकता येत नाही, दुसऱ्या कुळाला ती माहीत नसते. समोरच्याचं गुपित आधी कळलं तो वाचला, एवढाच हिशोब.

कागदावर दोन रकाने करा, दहा-दहा नावं. कौगा: दान्जो (विषारी सुया), गेन्नोसुके, शोगेन (चिकट थुंकी, कोळ्यासारखा), ज्युबेई (हातपाय नाहीत, शस्त्र घशात), ग्योबु (भिंतीत मिसळतो), जोसुके (चेंडूसारखा गोल), साएमोन, ह्योमा, ओकोई (कातडीने रक्त शोषते), कागेरो (श्वास विषारी). इगा: ओगेन (ससाणा), ओबोरो, याशामारू (केसांचे काळे दोर), रोसाई (हातपाय लांबतात), तेन्झेन, जिंगोरो, कोशिरो (वावटळ आणि कोयते), नेन्की (अंगभर केस, तेच हत्यार), होतारुबी (साप, फुलपाखरं), आकेगिनु (रोमरोमांतून रक्त).

गोंधळ तीन ठिकाणी होतो. गेन्नोसुके आणि ह्योमा दोघांचीही विद्या डोळ्यांची: मारायच्या इराद्याने अंगावर येणारा स्वतःवरच वार करून घेतो. फरक इतकाच की ह्योमा दिवसा आंधळा, त्याचे डोळे रात्रीच उघडतात, आणि गेन्नोसुके त्याच्याकडूनच शिकला. दुसरा साएमोन. चिखलात समोरच्याच्या चेहऱ्याचा साचा घेतो, त्यात स्वतःचं तोंड दाबतो आणि आवाजासकट तोच माणूस होऊन उठतो. एखादं पात्र अचानक वेगळं वागायला लागलं की आधी ह्याच्यावर संशय घ्या. तिसरा जिंगोरो. मिठात आकसतो, पाण्यात पूर्ववत होतो. पुढे कुवाना ते मिया हा प्रवास समुद्रातून आहे, एवढंच सांगतो.

माणूस मेला की नाव खोडा, पण पेन्सिलने. तेन्झेनचं तर अजिबात घाईने खोडू नका.

उतरण
सुन्पुचं उत्तर पहिल्या भागातल्या गुंडाळीतच आहे. ती जागा थांबवून नीट वाचा, पुढचं निम्मं कोडं तिथेच सुटतं. निन्जांचा सरदार हात्तोरी हान्झो ह्याने दोन्ही कुळांवर घातलेली लढाईबंदी निवृत्त शोगुन (जपानचा लष्करी राज्यकर्ता) इएयासुने उठवली. दहाविरुद्ध दहा, एकमेकांना मारायचं. उरतील त्यांनी ती गुंडाळी घेऊन पाचव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुन्पुच्या किल्ल्यात हजर व्हायचं. ज्यांची माणसं जास्त उरली ते जिंकले, आणि जिंकणाऱ्या कुळाला हजार वर्षांची तनखा. म्हणून निघावंच लागतं. शिवाय बंदी का उठवली हे गेन्नोसुकेला तोंडावर विचारायचंय.

दोन कुळांमागे इएयासुचे दोन नातू आहेत: इगामागे ताकेचियो, कौगामागे कुनिचियो. तिसरा शोगुन कोण, हा वाद घरातच तंटा न होता निन्जांच्या रक्तावर मिटवायचा. साल १६१४, ओसाकाची लढाई तोंडावर आलेली, तेव्हा म्हाताऱ्या इएयासुला घरात दुफळी परवडणारी नव्हती. तिसऱ्या शोगुनचं नाव मात्र शोधू नका, इतिहासाने निकाल तिथेच लिहून ठेवलाय.

सुरुवातीच्या भागांत नियम मोडल्यासारखं वाटतं, कारण बातमी इगाला आधी लागते आणि तेन्झेन ती ओबोरोपासूनही लपवतो. गेन्नोसुके त्या वेळी त्यांच्याच गावात पाहुणा आहे. कौगांना काहीच माहीत नसतं. गुंडाळीत मात्र 'आधी कळवा' असं कुठेही लिहिलेलं नाही.

रेघोट्या
ओबोरोबद्दल: तिने विद्या शिकलेलीच नाही, तिचे डोळे जन्मजात तसे आहेत. तिच्या नजरेपुढे कुणाचीच विद्या चालत नाही, स्वतःच्या माणसांचीही नाही. त्यामुळे इगाला ती हुकमी पान आहे आणि तीच त्यांची अडचणही. तेन्झेन तिच्याशी कसा वागतो ते ह्या हिशोबाने बघा.

खारेदाणे
धन्यवाद, कागद केला! मांगा (जपानी कॉमिक) आधी वाचू का? आणि घरच्यांसोबत बघता येईल?

उतरण
घरच्यांसोबत अजिबात नको. रक्तपात तर आहेच, पण बायकांवरच्या जबरदस्तीचे प्रसंग आहेत आणि ते चांगलेच बोचतात.

मांगा नंतर वाचा. मासाकी सेगावाचे फक्त ५ खंड आहेत, मूळ फुतारो यामादांच्या कादंबरीवरून. मांगा अधिक नागडा आणि वेगवान आहे. मालिकेने दान्जो-ओगेन ह्या दोन म्होरक्यांच्या तरुणपणासारख्या जुन्या आठवणी वाढवल्यात, त्यामुळे मरणाऱ्याबद्दल काहीतरी वाटायला वेळ मिळतो. माझं मत मालिकेच्या बाजूने. आणि २०१८ ची 'ओका निन्पोचो' ही पुढच्या पिढीची गोष्ट आहे. चोविसावा भाग संपेपर्यंत तिच्या जाहिरातीही टाळा, त्यात नको ते कळतं.