विद्यापीठाच्या लायब्ररीची 'संशोधन सहाय्य' कार्यशाळा, दोन दिवस बुडवून जावं का?

काळीमाती

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी एका तालुक्याच्या गावातल्या सिनियर कॉलेजात इतिहास शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तास घेतला तर पैसे आणि नाही घेतला तर ठणठण. सोबत पार्ट टाइम पीएचडी चालू आहे. विषय १९७२चा दुष्काळ, त्यातही दुष्काळी कामांवर गेलेल्या बायका. कोर्सवर्क झालंय, दुसरं वर्ष लागलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून सर्क्युलर आलंय की प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची प्राथमिक कार्यशाळा आहे. डेटाबेस सर्च, रेफरन्स मॅनेजर (संदर्भांच्या नोंदी ठेवून सूची करून देणारं सॉफ्टवेअर), प्लेजरिझम (म्हणजे मजकूर-चोरी), जर्नल कसं निवडायचं, शोधगंगा (पीएचडी प्रबंधांची वेबसाइट) असं बरंच काही लिहिलंय. फी ५०० रुपये. जायला यष्टीने साडेतीन तास, एक रात्र मुक्काम, आणि दोन दिवसांचे माझे तास बुडणार ते वेगळंच. गाईड मॅडम म्हणतात जा. पण मागच्या वर्षी एका ठिकाणी असल्याच 'रिसर्च मेथडॉलॉजी' कार्यशाळेला गेले होते तिथे साडेदहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, पावणेएकला पहिला पीपीटी उघडला आणि सरांनी तो आमच्याकडे पाठ करून वाचून दाखवला. कॉम्प्युटरला कुणी हातसुद्धा लावला नाही.

सध्या माझं सगळं चार वह्यांत आणि मोबाईलच्या गॅलरीत आहे. गॅलरीत जुन्या पेपरांचे न् अहवालांचे साधारण सहाशे फोटो, त्यात मधेमधे भाचीच्या बारशाचे. शोधगंगेवर 'दुष्काळ' टाकलं तर जेमतेम काही सापडतं. जाऊन फायदा होईल का घरी बसून यूट्यूबवरच बघू?

अर्धापीएचडी

सर्टिफिकेट मिळेल, पोहे मिळतील, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायला मिळेल. पर्मनंट लोकांना प्रमोशनच्या फायलीत लावायला असले कागद कामाला येतात, सीएचबीवाल्यांना कशाला हवेत? यूट्यूब बघा.

पुस्तककिडा_ग्रंथपाल

अर्धापीएचडी, तुमचा राग समजतो पण सगळं एकाच मापाने मोजू नका हो. मी स्वतः एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, अशा कार्यशाळा घेतो पण आणि अशांना जातो पण.

ताई, आधी एक करा. सर्क्युलरवर नंबर असेल त्यावर फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा, लॅबमध्ये आहे का हॉलमध्ये, आणि स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगितलाय का. हॉलमध्ये असेल आणि पत्रिकेत पाहुण्यांचीच नावं जास्त असतील तर गाईड मॅडमना गोड बोलून टाळा. लॅबमध्ये असेल तर डोळे झाकून जा.

आता शोधगंगेचं. तिथे मराठीतल्या बऱ्याच प्रबंधांची शीर्षकं रोमन लिपीत टाकलेली आहेत, मराठीच शब्द पण इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे देवनागरीत 'दुष्काळ' टाकून ते सापडणारच नाहीत. इंग्रजी अक्षरांत दुष्काळ लिहून बघा, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने करून बघा, 'ळ'ला कुणी एल लिहितं कुणी डबल एल. पीडीएफच्या आतलं तर विसराच, कारण कितीतरी जुने प्रबंध नुसते स्कॅन केलेले फोटो आहेत. आणि हो, तिथे प्रबंध तुकड्यातुकड्यात असतो, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल. सगळं उतरवत बसू नका, आधी संदर्भसूचीची फाईल उघडा. माझ्या मते तीच खरी खाण. दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षं घासून जमवलेली यादी फुकट मिळते.

दुसरं म्हणजे शब्द. तुम्ही दुष्काळ म्हणता पण सरकारी कागद 'टंचाई' म्हणतो, इंग्रजी फायलीत 'स्केअर्सिटी'. मग अवर्षण, दुष्काळी कामे, रोजगार हमी योजना म्हणजेच रोहयो, इंग्रजीत ईजीएस. रोहयोचा कायदा १९७७चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९पासून, म्हणजे ७२च्या कागदात तुम्ही 'रोहयो' शोधत बसलात तर त्या अर्थाने हाती फार लागणार नाही, तिथे 'टंचाई निवारण' बघावं लागेल. मिलो (तेव्हाची रेशनची लाल ज्वारी), सुकडी (दुष्काळी कामांवर मिळायचं ते खाणं) हेसुद्धा टाका, बायकांच्या आठवणींत हेच शब्द येतात. ही शब्दांची यादी कागदावर करून सोबत घेऊन जा म्हणजे शिकवणाऱ्याला तुमच्याच विषयावर सर्च करून दाखवायला लावता येईल. नाहीतर ते 'क्लायमेट चेंज' टाकून दाखवतात आणि लाखभर रिझल्ट बघून सगळे खूश होतात.

आणखी एक विचारून घ्या, वन नेशन वन सबस्क्रिप्शनचा, म्हणजे सरकारने भरलेल्या जर्नल्सच्या एकत्रित वर्गणीचा, ॲक्सेस. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलं, तीन वर्षांना ६००० कोटी, ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. पण ते सरकारी संस्थांना आहे. तुमचं कॉलेज खाजगी अनुदानित असेल तर त्यात असेलच असं नाही. पण तुम्ही रजिस्टर आहात ते विद्यापीठ सरकारी आहे ना, मग तिथली संशोधक विद्यार्थी म्हणून लॉगिन मागा. घरून उघडायची सोय बहुतेक इन्फेडमार्फत असते, शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटचीच यंत्रणा आहे ती. हे लॉगिन पदरात पडलं तरी ५०० रुपये वसूल.

सासवडकर

+१. लॉगिन घेतल्याशिवाय निघू नका. 'नंतर मेल करतो' म्हणतात, तो मेल कधीच येत नाही.

श्रीलिपीग्रस्त

ताई, मी मराठी विषयात पीएचडी केली आणि माझी जी फजिती झाली ती तुमची होऊ नये म्हणून लिहितोय. सगळा प्रबंध गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतला, अडीचशे पानं, पानाला २५ रुपये. प्लेजरिझम चेकला फाईल दिली तर रिपोर्ट आला शून्य टक्के. मी पेढेच वाटायचे बाकी होते. तर तिथल्या मॅडमनी मला बोलावून माझ्या फाईलीतला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये पेस्ट करून दाखवला, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मशीनला ते मराठी वाटतच नव्हतं, मग ते कशाशी जुळणार? 'युनिकोडमध्ये करून आणा' म्हणाल्या, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणूनच कळेल अशा टायपिंगमध्ये. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, 'र्‍हास'चं काय झालं ते इथे लिहू शकत नाही. दीड महिना गेला त्यात.

तर आजपासून जे टाइप कराल ते युनिकोडमध्येच. मोबाईलवर बोलून टाइप केलं तरी चालेल, मग दुरुस्त करा.

टक्क्यांचा बाऊ पण करू नका. यूजीसीचा २०१८चा नियम असा की १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४०मध्ये आलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सबमिट करता येत नाही, आणि ६०च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हात संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश वगैरे त्यात धरत नाहीत, सलग १४ शब्दांपर्यंतच्या सर्वसामान्य वाक्यांनाही सूट आहे. हे कार्यशाळेत सांगतील, पण रिपोर्ट काढताना या सवलती सेटिंगमध्ये चालू केल्या होत्या का हे विचारायचं तुमच्या हातात. माझ्या मित्राची नुसती संदर्भसूचीच कॉपी म्हणून धरली गेली होती!

लेक_मिशिगनच्या_काठी

मी इथे अमेरिकेत पीएचडी करतेय म्हणून जरा वेगळं सांगते. इथेही सेमिस्टरच्या सुरुवातीला लायब्ररीच्या अशाच प्राथमिक कार्यशाळा असतात, तासा-दीड तासाच्या, ना शाल ना श्रीफळ, फार तर कुकीज. खरं सांगायचं तर मला पहिल्या कार्यशाळेतलं आज काहीच आठवत नाही. आठवते ती तिथे भेटलेली बाई. प्रत्येक विषयाला एक ग्रंथपाल नेमलेला असतो, त्याची अपॉइंटमेंट घेऊन एकटीने बसता येतं. मी आत्तापर्यंत सात-आठ वेळा गेलेय.

तिने मला एक युक्ती दाखवली ती तुमच्या विषयावर करून बघा. वुल्फ लाडेजिन्स्की म्हणून एक शेती-अर्थतज्ज्ञ होते, त्यांचा महाराष्ट्रातल्या दुष्काळावरचा लेख इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत १९७३ साली आलेला आहे. गूगल स्कॉलरवर तो काढा आणि खाली 'सायटेड बाय'वर क्लिक करा. म्हणजे त्या लेखाचा ज्यांनी ज्यांनी पुढे उल्लेख केला ते सगळे ओळीने समोर येतात, मग त्यातल्या प्रत्येकाच्या सूचीत मागे जायचं. एका लेखाला धरून पुढेमागे. जेस्टोर या जर्नलांच्या वेबसाइटवर स्वतःचं फुकट अकाउंट काढलं तर ठरावीक लेख ऑनलाइन वाचताही येतात.

तुमच्याकडे अशी अपॉइंटमेंटची पद्धत नसेल कदाचित, पण चहाच्या वेळेला ग्रंथपालांना गाठून 'सर पुढच्या महिन्यात अर्धा तास येऊ का' असं विचारायला काय हरकत आहे.

अर्धापीएचडी

कुकीज! आमच्याकडे बिस्किटाचा पुडा पण सह्या करून मिळतो.

काळीमाती

सगळ्यांचे आभार, हसू पण आलं. पुस्तककिडा काका, फोन लावला. लॅबमध्येच आहे, ३० सीट, लॅपटॉप असेल तर आणा म्हणाले. उद्घाटन अर्धा तास 'फक्त' 😀. जायचं ठरवलंय. दोन शंका. एक, रेफरन्स मॅनेजर म्हणून झोटेरो का मेंडेली? दुसरी, माझा पेपर केअर लिस्टमधल्या (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीतल्या) जर्नलमध्ये यायलाच हवा का? एका जर्नलवाल्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, १५०० रुपये भरा, आठ दिवसांत छापतो म्हणतोय.

पुस्तककिडा_ग्रंथपाल

आठ दिवसांतवाल्याला ब्लॉक करा, आत्ता, हे वाचता वाचता. आठ दिवसांत तुमचा पेपर कोण वाचणार आणि कोण तपासणार?

केअर लिस्ट यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. आता जर्नल पारखायची जबाबदारी तुमची आणि तुमच्या संस्थेची. कार्यशाळेत कुणी अजून जुनी लिस्टच दाखवत असेल तर नम्रपणे सांगा. आणि २०२२च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी केंद्राची सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पीएचडी सेक्शनला लेखी विचारा. मुदतीचंही विचारून ठेवा, सहा वर्षं धरलेली असतात आणि बायकांना वरती दोन वर्षांची सवलत आहे.

झोटेरो घ्या. फुकट आहे, वर्डमध्ये बसतं, ३०० एमबी ऑनलाइन जागा मिळते. तुमचे सहाशे फोटो त्यात मावणार नाहीत, ते हार्ड डिस्कवर ठेवा आणि झोटेरोत नुसती नोंद.

श्रीलिपीग्रस्त

झोटेरोत मराठी नोंदी करताना नाव एकाच खान्यात टाकायची सोय आहे ती वापरा, 'पागे, वि. स.' असं सरळ. दोन खान्यांत टाकलं की काही स्टाईली 'वि. स.'ची मोडतोड करतात. राजपत्रावर शके आणि इसवी दोन्ही असतात, इसवीच टाका. आणि मराठी-इंग्रजी सूची वेगळी हवी असेल तर ते आपोआप होत नाही, एकच मोठी यादी निघते. अगदी शेवटी फाईलची कॉपी करायची, त्या कॉपीत झोटेरोचं कनेक्शन तोडायचं आणि मग हाताने दोन याद्या करायच्या. मूळ फाईलीत करू नका, पुढच्या रिफ्रेशला सगळं पुसतं. विचारू नका मला कसं माहीत.

काळीमाती

जाऊन आले. उद्घाटन पन्नास मिनिटं चाललं, पण पुढचं सगळं खरंच हाताने करायला लावलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडम 'क्लायमेट चेंज'च टाकणार होत्या, मी यादी पुढे केली. मग त्यांनी मोठ्या पडद्यावर 'स्केअर्सिटी' आणि 'महाराष्ट्र' टाकून सालाची चाळणी लावली आणि पहिल्याच पानावर दोन लेख असे निघाले की जे मला दुसऱ्या वर्षापर्यंत माहीतच नव्हते. एकात दुष्काळी कामावरच्या बायकांच्या मजुरीचा अख्खा तक्ता आहे. लाजच वाटली जरा. शेजारी बसलेले वीस वर्षं शिकवणारे सर हळूच म्हणाले, 'मॅडम ती यादी मला पण व्हॉट्सॲप करा.'

लॉगिन मिळालं, समोर उभं राहून उघडून घेतलं. प्लेजरिझमचं सेशन मात्र पळवलं, नियम वाचून दाखवले आणि संपलं, सेटिंगचं विचारलं तर 'टेक्निकल माणूस आज रजेवर आहे'. ग्रंथपाल सरांनी महिन्यातून एकदा शनिवारी या म्हणून सांगितलंय, बघू.

आता सहाशे फोटोंकडे वळते. त्यांना नावं कशी द्यायची यावर कुणाचा काही अनुभव? मी सध्या 'पेपराचं नाव_तारीख_पान' असं करतेय, काल रात्री चाळीस झाले. फोटो काढताना तारखेची पट्टी कापली गेलीय अशी साठ-सत्तर पानं आहेत, त्यांचं काय करायचं?

सासवडकर

त्या पानावर सिनेमाची जाहिरात दिसते का बघा. कुठला सिनेमा कितव्या आठवड्यात चालू आहे त्यावरून आठवडा काढता येतो, मी तसंच केलं होतं.