बोटीवरच्या माणसांना बक्षिसी: कोणत्या चलनात द्यावी, कोणाच्या हाती द्यावी?

सुरंगी (मालवण)
मेअखेरीस जलक्रीडा बंद झाल्या, होडी किनाऱ्यावर चढवून झापांनी शाकारली आणि हिशेब करायला बसलो, तेव्हा आमच्या तांडेलांनी एक पत्र्याची डबी माझ्यापुढे ठेवली. तिच्यात दोन युरोची अकरा नाणी होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डाइव्ह करून खूश झालेल्या परदेशी पाहुण्यांनी ती हंगामभरात त्यांना दिली होती. "ताई, ह्यां खंय चालतलां?" एवढेच त्यांनी विचारले. परकीय चलन बदलून देणाऱ्या दोन ठिकाणी मी चौकशी केली. नोटा घेऊ, नाणी घेणार नाही, असेच दोन्हीकडे सांगितले.

त्या डबीमुळे मला लाल समुद्रातली माझी सफर आठवली. इजिप्तमधल्या हुरघाडाहून निघालेल्या बोटीवर एक मुलगा रोज माझ्या टाकीचा पट्टा आवळून देई आणि पाण्याबाहेर आल्यावर शिडीवर वाकून माझे फिन्स काढून घेई. शेवटच्या दिवशी तो प्लास्टिकच्या पिशवीत एक-एक युरोची वीस नाणी घेऊन आला आणि त्या बदल्यात वीसची नोट मिळेल का, असे त्याने मला विचारले. मला त्यात काहीतरी फसवणूक वाटली आणि मी नाही म्हटले. तिथल्या बँकाही परदेशी नाणी घेत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांनी दिलेली ती बक्षिसी त्याच्या हातात अडकून पडली होती, हे मला आज, स्वतःच्या तांडेलांचा चेहरा पाहिल्यावर कळले. माझ्या पाकिटात त्या दिवशी वीसची नोट होती, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

आपल्यापैकी जे बाहेर डाइव्हिंगला जाऊन आले आहेत किंवा तिथे कामाला होते, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

खाजणकाठ (देवबाग)
मी मालदीवच्या एका सफारी बोटीवर तीन हंगाम काम केले आहे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे शेवटच्या रात्री जेवणानंतर पेटी ठेवली जाई आणि तिच्यातली रक्कम सगळ्या खलाशांत वाटली जाई. पाहुण्यांना डाइव्ह गाइड दिसतो, वाढणारा दिसतो. परंतु रात्री अकरा वाजता धोणीवर, म्हणजे सोबतच्या लहान होडीवर, कॉम्प्रेसर लावून दुसऱ्या दिवसाच्या टाक्या भरणारा आणि खाली इंजिनच्या उष्णतेत बसलेला माणूस त्यांच्या नजरेस पडत नाही. म्हणून पैसे पेटीत टाकावेत आणि गाइडला काही वेगळे द्यायचे असेल, तर ते स्वतंत्र पाकिटात द्यावे.

चलनाबाबत सांगायचे, तर तिथे रुफियाही चालतो आणि डॉलरही. पण रुफिया देशाबाहेर कोणी बदलून देत नाही. आमच्यातले निम्मे खलाशी बांगलादेशचे होते आणि त्यांना पैसे घरी पाठवायचे असत, त्यामुळे डॉलरची नोट मिळाली की त्यांना बरे वाटे. बक्षिसी देण्यापूर्वी बिलात सेवाशुल्क लावले आहे का, हे अवश्य विचारावे. रिसॉर्टच्या बिलात ते बहुधा असते, बोटीच्या बिलात बहुधा नसते.

आबोली (वेंगुर्ले)
इंडोनेशियात मात्र मला उलटा अनुभव आला. लाबुआन बाजोला शंभर डॉलरची नोट घेऊन गेले, तर तिच्या कडेला पेनाची बारीक रेघ होती म्हणून दुकानदाराने ती परत केली. माझ्यासारख्या परदेशी बाईला जी नोट बदलून मिळाली नाही, ती बोटीवरच्या स्वयंपाक्याला कोण बदलून देणार होते? शेवटी एटीएममधून तिथले चलन, रुपिया, काढले आणि एक लाखाच्या लाल नोटा पाकिटात घालून दिल्या.

बंदरवाट (रत्नागिरी)
बँकेत परकीय चलनाच्या विभागात काम केले असल्याने थोडे नियमांविषयी लिहितो. परदेशी सफरीसाठी सर्वसाधारणपणे एका वेळी 3,000 डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात, बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. बक्षिसीसाठी पाच आणि दहाच्या नोटा हव्यात, असे आठवडाभर आधी सांगून ठेवावे, नाहीतर शंभराच्याच नोटा हाती येतात. शंभराची नोट घेतलीच, तर निळी पट्टी असलेली, 2013 पासून चलनात आलेली घ्यावी, कारण त्याआधीची नोट अनेक ठिकाणी नाकारतात. उरलेले डॉलर परत आल्यापासून 180 दिवसांत बँकेला विकावे लागतात. 2,000 पर्यंत पुढच्या सफरीसाठी ठेवता येतात. सुरंगीताई, नाण्यांना मात्र ही मुदत नाही, ती निश्चिंतपणे ठेवा.

कातळ (देवगड)
सफरीच्या खर्चाच्या दहा टक्के द्यावेत, असे सगळीकडे वाचले होते. थायलंडला सिमिलान बेटांच्या सफरीसाठी मी दोन वर्षे पैसे साठवले होते आणि शेवटच्या दिवशी माझ्याकडे जेमतेम 1,500 बाट उरले होते. तेवढेच पाकिटात घातले, पण लाजेने ते हातात द्यायचे धाडस झाले नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवून उतरलो. खाजणकाठदादा, अशा वेळी तुम्हा लोकांना काय वाटते?

खाजणकाठ (देवबाग)
रक्कम लक्षात राहत नाही, बाळा, पण टेबलावर ठेवून गेलेले पाकीट लक्षात राहते, कारण ते कोणासाठी होते हेच कळत नाही. हातात द्यायचे होतेस. थायलंडमध्ये बाट दिलेस, हे योग्यच केलेस. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या ते खर्चता येतात.

आबोली (वेंगुर्ले)
आणि निघण्याच्या घाईत पाकीट भरू नये. मी आता सफर सुरू होतानाच ती रक्कम वेगळी काढून सुक्या पिशवीत ठेवते, म्हणजे ती अन्य खर्चात जात नाही.

सुरंगी (मालवण)
सर्वांचे आभार. पुढच्या हंगामासाठी होडीवर इंग्रजीत एक पाटी लावणार आहे: नाणी देऊ नयेत, शक्यतो रुपयांत द्यावे. माझी भाची दिवाळीनंतर जर्मनीला शिकायला जात आहे, ती अकरा नाणी तिच्याबरोबर जातील. तांडेलांना त्यांचे रुपये मी आज सकाळीच दिले. रिकामी डबी मात्र त्यांनी गळाचे हूक ठेवायला मागून घेतली.