मदत हवी आहे: जर्नलला संदर्भ क्रमांकाने हवेत, आणि माझ्या यादीत निम्मे पाटील

केळीपट्टा
नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू), म्हणजे रावेर-यावलकडे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो रोग, आणि बांधावरच्या तणात तो कसा तग धरून राहतो. पेपर लिहून झाला, पाठवला, पण तपासणीला जायच्या आधीच परत आला. कारण एका ओळीत: संदर्भ आमच्या पद्धतीप्रमाणे करून पाठवा.

माझा मजकूर लेखक-वर्ष पद्धतीत आहे, प्रबंधासाठी एपीए (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची संदर्भशैली) वापरलं म्हणून. या जर्नलला चौकटी कंसात क्रमांक हवेत आणि यादी अकारविल्हे नको, मजकुरात जो आधी येईल तो आधी. साठेक संदर्भ आहेत, सगळे वर्डमध्ये हाताने टाइप केलेले.

सर म्हणतात, आकडे घालून टाक, एका रविवारचं काम. पण चर्चेत मध्येच एक संदर्भ वाढवला की पुढचे सगळे आकडे सरकणार, आणि तपासणीनंतर तो वाढणारच. म्हणून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात वेगळंच त्रांगडं: एपीए शैलीत काही ठिकाणी नुसतं ‘पाटील, २०१४’ येतं, तर काही ठिकाणी ‘एस. बी. पाटील, २०१४’. असं का?

शिवाय राहुरीच्या विद्यापीठातला एक प्रबंध आणि शेतकऱ्यांसाठीची एक मराठी पुस्तिका आहे. इंग्रजी जर्नलमध्ये त्या कशा द्यायच्या?

गिरणाकाठ
ताई, हाताने आकडे अजिबात घालू नका. साठ नोंदी पुन्हा टाइपही करायला नकोत. क्रॉसरेफच्या साइटवर ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ नावाचं पान आहे. तिथे तुमची यादी आहे तशी चिकटवा, ज्यांचे डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) सापडतील ते समोर येतील. मग झोटेरोत जादूच्या कांडीचं बटण आहे, त्यात ते डीओआय एकदम टाका, नोंदी आपोआप तयार होतात. जुन्या भारतीय जर्नलांना बऱ्याचदा डीओआय नसतो, तेवढ्या हाताने भरा.

नंतर वर्डमधला टाइप केलेला प्रत्येक उल्लेख खोडून त्या जागी झोटेरोच्या बटणाने नवा घालायचा. हे मात्र एकेक करूनच होतं, त्याला पर्याय नाही. पण एकदा झालं की जर्नल बदललं तरी फक्त शैली बदलायची. झोटेरोच्या साठ्यात दहा हजारांवर शैली आहेत, तुमच्या जर्नलचं नाव टाकून बघा.

चोपड्याचा_भाऊ
पाटील, चौधरी, महाजन सोडून दुसरं कोणी संशोधन करतं का भो आपल्याकडे? 😄

आता कामाचं. झोटेरोला एका नोंदीत ‘पाटील, एस. बी.’ दिसतं, दुसरीत ‘पाटील, एस.’. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. आणि एपीएचा नियमच आहे की पहिल्या लेखकांचं आडनाव एक पण माणसं वेगळी असतील तर मजकुरात आद्याक्षरं द्यायची. म्हणजे सॉफ्टवेअर नियमानेच चाललंय. माणूस एकच असेल तर सगळ्या नोंदींत नाव एकसारखं करा. खरोखर दोन पाटील असतील तर आद्याक्षरं राहू द्या.

दुसरी गोष्ट जास्त घातक. आपल्याकडच्या जुन्या अंकांत नाव ‘पाटील एस. बी.’ असं आडनाव आधी छापलेलं असतं. आयात करताना ‘बी’ आडनावाच्या रकान्यात जातं आणि ‘पाटील’ नावाच्या. क्रमांकाच्या पद्धतीत मजकुरात नाव दिसतच नाही, त्यामुळे हा घोळ यादीत दडून बसतो. एकेक नोंद उघडून दोन्ही रकाने बघा. आणि एखाद्या बाईंचा पेपर लग्नाआधीच्या आडनावाने छापलेला असेल तर तोच ठेवायचा. पेपरवर जे छापलंय ते.

जुनं_खोड
एवढा खटाटोप कशाला? स्वीकारल्यावर छपाईवाले सगळं नीट करून घेतात. एल्सेव्हिअर प्रकाशनाच्या कितीतरी जर्नलांत पहिल्यांदा पाठवताना कुठलीही पद्धत चालते, एकसारखी असली म्हणजे झालं.

गिरणाकाठ
काका, चालते तिथे चालते. यांना परत पाठवलंय ना? आणि छपाईवाले स्वल्पविराम सुधारतील, चुकीचं वर्ष किंवा आडनाव त्यांना कळणार नाही.

केळीपट्टा
चोपड्याचा भाऊ, तुमचं बरोबर निघालं, तीन नोंदींत आडनाव उलटं गेलं होतं. धन्यवाद.
आणखी विचारते. तणांच्या यादीचा एक तक्ता आहे, त्यात काही संदर्भ फक्त तक्त्यातच आहेत. त्यांना क्रमांक कुठून द्यायचे? आणि शीर्षकातली शास्त्रीय नावं तिरकी कशी करायची?

प्रयोगशाळेतली_माशी
तक्त्याचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथे येतो, ती त्या संदर्भांची जागा. वैद्यकीय संपादकांच्या समितीचा, म्हणजे आयसीएमजेईचा, हाच नियम आहे आणि व्हँकूवर पद्धतीची, म्हणजे क्रमांकाने संदर्भ देणारी जर्नलं साधारण तोच पाळतात. पंचाईत अशी की तक्ता फाइलच्या शेवटी ठेवला तर झोटेरो त्यातल्या संदर्भांना शेवटचे आकडे देतं. म्हणून तक्ता उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवा. जर्नलला तो वेगळा हवा असेल तर अगदी शेवटच्या प्रतीत हलवा.

तिरक्या अक्षरांसाठी झोटेरोतल्या शीर्षकात नावाच्या आधी-नंतर एचटीएमएलचा आय टॅग (<i> आणि </i>) घाला. पूर्ण शीर्षक निवडून वर्डमध्ये तिरकं केलंत तर पुढच्या रिफ्रेशला पुसलं जाईल. जुन्या पेपरच्या शीर्षकातलं विषाणूचं नाव आज बदललेलं असलं तरी सुधारू नका, ते शीर्षक त्या लेखकाचं आहे.

लेखक किती द्यायचे तेही बघा. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत सगळे येतात, व्हँकूवरमध्ये सहसा सहा आणि पुढे ‘एट अल’. जर्नलांची नावं बहुधा संक्षिप्त लागतील. वर्डमधल्या झोटेरोच्या पसंतीत मेडलाइन या वैद्यकीय सूचीतले संक्षेप वापरायची खूण आहे. मात्र एकाच शब्दाचं नाव, उदाहरणार्थ ‘फायटोपॅथॉलॉजी’, तसंच पूर्ण राहतं. त्याला कात्री लावू नका.

चोपड्याचा_भाऊ
प्रबंध कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आहे का बघा, असला तर तिथला दुवा द्या. झोटेरोत प्रकार ‘थीसिस’ निवडा, लेख म्हणून भरलात तर विद्यापीठाचं नाव गायब होतं.
मराठी पुस्तिकेचं नाव रोमन लिपीत, त्याच्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, आणि शेवटी ‘मराठीत’ अशी इंग्रजीतून नोंद. काही परीक्षक म्हणतील, ही आम्हाला तपासता येत नाही. तरी ‘हरण्या’ हे नाव त्यातच आलं असेल तर काढू नका.

केळीपट्टा
हो, त्यातच आहे. ठेवते. सरांना आता वर्ड फाइल पाठवू का, की आधी काही बंद करायचं?

गिरणाकाठ
सरांना वर्डमध्येच द्या, पण सांगा की उल्लेखांवर हाताने टाइप करू नका, बदल हवा तर बाजूला शेरा लिहा. सगळं पक्कं झालं की फाइलची एक प्रत काढा आणि त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा, म्हणजे साधा मजकूर उरतो. जर्नलला ती पाठवा. मूळ फाइलवर ते बटण दाबायचं नाही, तपासणीनंतर तीच लागणार आहे.