मुलगी फार समजूतदार झालीये आणि मला त्याचीच काळजी वाटतेय

दोनाचे_तीन
नमस्कार. बायकोला सहा वर्षांपासून एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. सुरुवातीला एका डोळ्याने धूसर दिसायचं, मग पायात बधिरपणा आला, आता घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. आम्हाला १४ वर्षांची एक मुलगी आहे, तिच्याबद्दल विचारायचंय.

तक्रार काहीच नाहीये, हाच प्रॉब्लेम आहे. अभ्यास करते, आईच्या गोळ्यांचा डबा भरते, मी ऑफिसमधून यायच्या आत कपडे वाळत घातलेले असतात. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणतो, किती समजूतदार पोर आहे, नशीब काढलंत. मलाही बरं वाटायचं. मागच्या आठवड्यात तिचा फोन चार्जिंगला लावताना अलार्मची यादी दिसली, रात्री दोन आणि पहाटे चार, रोजचे. विचारलं तर म्हणाली, आई बाथरूमला उठते ना, पडली तर कळायला नको का. गेल्या वर्षी ही एकदा रात्री पडली होती आणि मला जाग आली नव्हती, आधी मुलगीच धावत आली होती. म्हणजे तेव्हापासून रोज दोनदा उठतेय पोरगी आणि आम्हाला दोघांनाही पत्ता नाही. व्हॉलीबॉल पण सोडलंय, विचारलं तर म्हणे कंटाळा आला. आजाराबद्दल ती काही विचारत नाही आणि घाबरेल म्हणून आम्हीही काही बोलत नाही. काय करू, कुठून सुरुवात करू?

उंबरठा
दादा, तुमच्या मुलीच्या जागी मी होते. माझ्या बाबांचं डायलिसिस होतं, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास, मी १२ वर्षांची असल्यापासून. ते घरी आले की बाहेर चपला काढायचे, आणि चपला काढायला किती वेळ लागतोय त्यावरून मला कळायचं आज कसं आहे ते. पटकन काढल्या तर ठीक. भिंतीला हात टेकून हळूहळू काढल्या तर मी आतल्या आत कामाला लागायचे, टीव्हीचा आवाज कमी कर, धाकट्याला गप्प बसव. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणता घाबरेल म्हणून सांगत नाही. ती घाबरलेलीच आहे हो, फक्त एकटी घाबरतेय. मला कुणी काही सांगत नव्हतं म्हणून मी दाराला कान लावून अर्धवट ऐकायचे आणि उरलेलं मनाने भरायचे, आणि मनाने भरलेलं कायम खऱ्यापेक्षा वाईट असायचं. एकदा मैत्रिणींसोबत ट्रिपला जाऊन मनापासून हसले आणि रात्री रडले, की बाबा तिकडे मशिनला आणि मी इथे हसतेय. हे मी ३० वर्षांची होईपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि ते समजूतदार म्हणणं कृपा करून कमी करा. एकदा ते लेबल लागलं की चिडायची, आळस करायची, कामाला नाही म्हणायची सोय राहत नाही.

खडू_फळा
मी शाळेत समुपदेशक आहे. वर उंबरठाताईंनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे, मी जरा कामाचं बोलते.

मुलांनी घरात मदत करण्यात काही वाईट नाही, आपला उपयोग होतोय हे मुलांना आवडतंही. मदत आणि जबाबदारी यात फरक करा म्हणजे झालं. कपडे वाळत घालणं ही मदत, ते काम संपतं. आई पडणार नाही हे बघणं ही जबाबदारी, ती कधीच संपत नाही, झोपेतही नाही. तिच्याकडची अशी न संपणारी कामं शोधा आणि एकेक करून मोठ्या माणसांकडे घ्या. रात्रीची पहिली.

दुसरं, मुलं न विचारता मनात ठेवतात असा एक प्रश्न हमखास असतो, मला पण हे होणार का. ती विचारेल याची वाट बघू नका, तुम्हीच काढा विषय. एमएस संसर्गाने होत नाही. सरळ वारशाने येणाराही नाही, आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १०० त २ ते ३ असते. इतरांपेक्षा जास्त आहे हे खरं, पण ९७ जणांना होत नाही हेही खरं, आणि हे तिला आकड्यासकट सांगा. १४ वर्षांच्या मुलीला आकडे कळतात. पुढचं तिच्या आईच्या न्यूरॉलॉजिस्टला तिलाच विचारू द्या, अपॉइंटमेंटला सोबत न्या, एकदा तरी.

शाळेत एका शिक्षकांना माहीत असू दे, सगळ्यांना नको. कोणाला सांगायचं ते मात्र तिने ठरवायचं. परीक्षेच्या काळात आईचा त्रास वाढला तर निदान एका माणसाला कारण सांगत बसावं लागत नाही.

आणि खेळ सोडला हे हलक्यात घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात विश्रांती आणि खेळ हे कलम ३१ मध्ये हक्क म्हणून लिहिलेत. इंग्लंडमध्ये तर घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना काय मदत लागते हे तपासणं २०१४ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक प्रशासनाचं काम आहे. म्हणजे हा कुणा एका घराचा खाजगी प्रश्न नाही. झोप, जेवण पार बिघडलं, किंवा मी नसते तर बरं झालं असतं असं काही बोलली तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

चाकांवरची_आई
मला स्वतःला एमएस आहे, ११ वर्षं झाली, मुलगा १६ चा. भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही आहात, मुलगी आहे, बायको मात्र फक्त पडण्यापुरती आहे. तिला विचारलंत का हे? अलार्मचं तिला सांगितलंत का? सांगा. वाईट वाटेल, पण मुलीशी बोलायचा पहिला मान तिचा आहे. माझे पाय गेलेत, आईपण नाही गेलेलं. मुलाला रागावणं, उशीर झाला की फोन करणं, प्रगतीपुस्तकावर सही करणं हे सगळं मीच करते आणि त्यालाही ते हवं असतं. बाथरूम, अंघोळ, कपडे यात मुलाला घेत नाही, जीव गेला तरी नाही.

एक गोष्ट आमच्या घरी फार उपयोगी पडली. माझा प्रत्येक वाईट दिवस बघून तो हादरायचा. मग आम्ही त्याला नीट फरक सांगितला. उकाड्याने, तापाने, दमल्याने जुनाच त्रास तात्पुरता वाढतो आणि अंग थंड झालं, आराम मिळाला की उतरतो, तो आजाराचा नवा झटका नसतो. नवीन लक्षण आलं किंवा जुनं जोरात परत आलं, ताप इन्फेक्शन नसताना २४ तासांच्या वर टिकलं, तर डॉक्टरांना फोन, आणि तो फोन मी किंवा त्याचे बाबा करणार. हे फ्रीजवर लिहून लावलंय. घाबरायचं कधी हे कळल्यावर एरवी न घाबरणं त्याला जमायला लागलं.

रात्रीसाठी पलंगाशेजारी बिनवायरची बेल लावा जी तुमच्या उशाशी वाजेल, बाथरूमपर्यंत मंद दिवा, भिंतीला धरायला दांडे, जमलं तर पलंगाजवळच कमोड चेअर. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं सोपी आणि सुरक्षित कशी करायची ते शिकवणारे, घरी येऊन बघून सांगतात, एकदा बोलवाच.

पेन्सिल१७
काका मी १७ चा आहे, माझ्या मम्मीला पण आजार आहे, वेगळा. अलार्म बंद कर असं तिला सांगू नका. मला सांगितलेलं तेव्हा मी व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवला. आधी तुम्ही रात्री खरंच उठता हे तिला दिसू दे. पप्पा उठायला लागले तरी मी जागा राहून ऐकायचो ते उठतायत का ते, तीन आठवडे गेले त्यात, मग कधीतरी झोपच लागली.

दोनाचे_तीन
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, दहा दिवस. आधी बायकोला सांगितलं, ती खूप रडली आणि मग म्हणाली मीच बोलते. दोघी आत बसल्या होत्या, मी बाहेर. तासाभराने मला हाक मारली. आजाराचं तिला माहीत होतंच, आमच्यापेक्षा जास्त वाचलंय तिने. मला पण होणार का हे खरंच मनात होतं, पण त्याच्या आधी वेगळंच निघालं, आई पडली त्या रात्री मी गाणी ऐकत होते हेडफोन लावून म्हणून मला उशिरा कळलं, असं. एक वर्ष हे घेऊन फिरत होती. आईने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की बेल लावायचं काम आमचं होतं, तुझं नव्हतं.

बेल लावली. दोनला मी उठतो, मुद्दाम पॅसेजचा दिवा लावतो, तिच्या दाराखालून दिसेल असा. पेन्सिल, तू म्हणालास तसंच आहे, पहिले काही दिवस आतून कूस बदलल्याचा आवाज यायचा. व्हॉलीबॉलचे शूज काढून बघितले, वर्षभरात लहान झालेत, पाय वाढलाय तिचा. शनिवारी नवीन घ्यायला जातोय, तिघंही.

चारचा अलार्म तिने स्वतः काढलाय. दोनचा अजून आहे.