स्मशानात शून्य रुपये, दाराबाहेर ४८ हजार: हिशोब विचारायचाच नाही का?

गच्चीवरची_तुळस
मागच्या महिन्यात सासरे गेले. वय ८४, घरीच, पहाटे चार-सव्वाचारला, झोपेत. चांगलं मरण आलं म्हणतायत सगळे आणि ते खरंच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. सासरे रोजचा हिशोब लिहायचे, कोथिंबिरीचे दहा रुपये सुद्धा, म्हणून मी त्यांच्याच वहीत पुढच्या पानावर हा खर्च लिहिला आणि लिहिताना जे वाटलं ते इथे टाकतेय, पटत नसेल तर भांडा पण वाचून भांडा.

पालिकेने स्मशानात एक रुपया घेतला नाही. मुंबईत पालिका एका मयतामागे ३०० किलो लाकूड फुकट देते हे मला पन्नाशीत कळलं. बाकीचं बघा. घरी मृत्यू म्हणून डॉक्टरचा नमुना ४-अ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) लागतो, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला, दुसरे आले त्यांचे २०००. नणंद बंगळूरहून येईपर्यंत बर्फाची पेटी ४०००. तीन किलोमीटरला शववाहिनी २५००. सामान ५२००. त्या दिवशीचे गुरुजी ५१००. स्मशानात 'चहापाणी' १५००. आणि दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचं पॅकेज (हाच शब्द वापरला त्यांनी) २८,०००. झाले ४८,३००. तेराव्याचं जेवण यात नाही.

सामान म्हणजे काय तर दोन बांबू, कामट्या, सुतळी, पांढरं कापड, मडकं, चार गोवऱ्या, कापूर, राळ, आणि तुपाचा डबा ज्यावर बारीक अक्षरात 'खाण्यासाठी नाही' छापलेलं. मी बिल मागितलं. दुकानदार माझ्याकडे बघेचना, चुलत दिरांकडे बघत राहिला, आणि दीर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, अगं असल्या वेळी बिल मागतात का.

दुसरी गोष्ट जास्त लागली. सासऱ्यांनी चार वेळा सांगितलेलं की मला विद्युतदाहिनीत घाला. तिथे आधीचे दोघं होते, तीनेक तास थांबावं लागलं असतं, दीर म्हणाले लाकडं आहेत की फुकट, ताटकळायचं कशाला. नवरा गप्प. लाकडावर दिलं. वर परत 'पाऊस आहे, लाकडं सर्दावलीत' म्हणून अजून एक डबा तूप.

तर माझं म्हणणं एवढंच की सामानाच्या दुकानापासून पॅकेजपर्यंत सगळ्याचं दरपत्रक दारावर पाहिजे आणि लाकूड का वीज हे जाणाऱ्याने ठरवलेलं असेल तर मागे राहिलेल्यांनी तीन तास थांबावं.

मुलुंडचा_खडूस
ताई राग मानू नका पण ज्या माणसाने आयुष्यभर कमवून घर उभं केलं त्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सुतळीचं बिल मागत होता? लग्नात स्टेजवरच्या फुलांना लाख घालवतो आपण तेव्हा वही निघत नाही. दीर बरोबर बोलले.

गच्चीवरची_तुळस
आमच्या लग्नात फुलं सासऱ्यांनी स्वतः दादरच्या फूलबाजारातून घासाघीस करून आणलेली, त्याचीही नोंद वहीत आहे. त्यांना बिल मागितलेलं आवडलं असतं. न मागितलेलं नसतं आवडलं.

चंदनवाडी_लोकल
विद्युतदाहिनीला नाकं मुरडणाऱ्यांना एक आठवण, सावरकरांचं दहन १९६६ साली चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीतच झालं, त्यांचीच तशी इच्छा होती. साठेक वर्षं झाली आणि आपण अजून 'विजेत कसं घालायचं' यावर अडलोय. दीड-दोन तासात सगळं होतं, अस्थी त्याच दिवशी हातात, पावसात ओल्या लाकडाशी झटापट नाही. ३०० किलो लाकूड म्हणजे दोन झाडं हो. आता पालिकेनेच काही स्मशानात लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या द्यायला सुरुवात केलीय आणि नागपूरकडे मोक्षकाष्ठ म्हणून तसंच मिळतं, म्हणजे ज्यांना ज्वाळा बघायच्याच आहेत त्यांचीही सोय आहे.

रामकुंडावरचा
ज्वाळा 'बघायच्या' नसतात. मंत्राग्नी मुलाच्या हातून द्यायचा असतो, कपालक्रिया असते, फिरून मडकं फोडायचं असतं, तुमच्या त्या ट्रॉलीवर ठेवून झडप खाली पडली की संपलं, यात कुठलं काय बसतं? मी स्वतः मुलगा म्हणून दोन्ही केलंय, आईला लाकडावर आणि काकांना विजेवर, आणि काकांच्या वेळेस झडप बंद झाल्यावर आम्ही सगळे पार्किंगमध्ये आलो आणि कोणाला काय करावं कळेना, एक जण मोबाईल बघायला लागला. आईच्या वेळी तीन तास ओट्यावर बसून होतो, रडलो, तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. ते तीन तास लागतात माणसाला.

आणि पॅकेजबद्दल. माझा मावसभाऊ नाशकात हेच काम करतो. २८ हजार गुरुजीच्या खिशात जातात असं वाटतं लोकांना. त्यात पिंडांचं, दानाचं, भांड्यांचं सामान, दोन-तीन ब्राह्मणांची दक्षिणा, जागेचं भाडं, सगळं येतं. त्याच्या हातात राहतात ते मी इथे लिहिलं तर हसाल. वर मर्तिकाचं काम करतो म्हणून त्याला कोणी सत्यनारायणाला बोलवत नाही. किरवंत म्हणून बाजूला ठेवायचं आणि परत महाग म्हणायचं.

गच्चीवरची_तुळस
हे मला माहीत नव्हतं आणि वाचून वाईट वाटलं. पण मग तुमच्या मावसभावाच्याच फायद्याचं आहे की कशाचे किती हे कागदावर असणं. आम्हाला एकच आकडा सांगितला, उभ्या उभ्या, जिन्यात.

पंचगंगाकाठ
तुमी पुण्या-मुंबईची लोकं लाकूड का वीज ह्यातच अडकलाय. आमच्या कोल्हापुरात शेणी, म्हणजे तुमच्या गोवऱ्या. पंचगंगेच्या स्मशानात दहन शेणीवर आणि महापालिका पैसे घेत नाही. शेणी येतात कुठनं? लोक देतात की. होळीला तालमी, मंडळं 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून ट्रॉल्या भरून नेऊन टाकतात. तुमच्या तुपाच्या डब्याच्या पैशात आमच्या एका गल्लीची ट्रॉली भरंल. रक्षाविसर्जनाला राख नदीत टाकायचं पण आता बरीच घरं सोडाय लागल्यात, शेतात खड्डा काढायचा, राख घालायची, वर आंब्याचं रोप. आमच्या आज्जीच्या आंब्याला गेल्या साली मोहर आलता.

मुलुंडचा_खडूस
मुलुंडात शेणी कुठून आणू राव, तबेल्यात जाऊ?

उदगीरचा_लिंगायत
सगळे जाळायचंच बोलतायत. आमच्यात दफन. खड्ड्यात बसवून, हातात इष्टलिंग, विभूती, बेलाची पानं, जंगम स्वामी विधी करतात. गावाकडे स्वतःच्या शेतात किंवा समाजाच्या जागेत, खर्च खड्डा काढणाऱ्याचा आणि स्वामींच्या दक्षिणेचा. वडिलांना तसंच दिलं, बांधाला, रोज पाणी द्यायला गेलं की दिसतात. पण माझा भाऊ पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, तो म्हणतो मला गावाला न्यायला ॲम्ब्युलन्सचेच किती होतील रे. म्हणजे शहरात आलं की दफन महाग आणि दहन फुकट, गावात जवळपास उलटं, कारण गावात लाकूड विकत घ्यावं लागतं.

आणि फुकट-फुकट चाललंय तर हेही लिहितो, आमच्याकडच्या बऱ्याच गावांत स्मशान जातीजातीचं वेगळं आहे. एकाला शेड, रस्ता, बाकडी. दुसऱ्याला ओढ्यापलीकडची पड जागा. पावसाळ्यात चितेवर चार जण पत्रा धरून उभे राहतात, मी स्वतः धरलाय शेजारच्या घरच्यासाठी, हाताला पत्र्याची धार लागलेली अजून दिसते. दरपत्रक लावा जरूर. आमच्याकडे लावायला दार नाही.

वसईची_सून
उदगीरकरांना अनुमोदन. शहरात दफनाची जागा हाच खर्च आहे. आम्ही कॅथलिक. लोकांना वाटतं आमची कबर कायमची असते, तर तसं नाही, चर्चच्या आवारातली जागा फिरती असते, काही वर्षांनी हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची किंवा एकत्र विहिरीत, आणि त्या जागेवर पुढचा माणूस. माझ्या सासूबाईंची कबर उघडली तेव्हा पॉलिशची पेटी तशीच्या तशी, कुजलेलीच नाही, फादर म्हणाले अजून थांबा. त्या पेटीला आम्ही सगळ्यात जास्त पैसे घातलेले, पितळी कड्या वगैरे. आता आमच्या पट्ट्यात काही गावांनी पेटी बंद करून पांढऱ्या कापडात पुरायला सुरुवात केलीय आणि खर्च एकदम खाली आलाय.

आणि हो, दहन आम्हाला चालतं. चर्चने १९६३ पासून परवानगी दिलीय. फक्त २०१६ ला रोमने स्पष्ट सांगितलं की राख उधळायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागेतच ठेवायची. माझ्या नवऱ्याला सांगून ठेवलंय, मला जाळा. तो म्हणतो आधी स्वयंपाक कर.

रोखठोक_सातारा
एवढी चर्चा कशाला, देहदान करा. खर्च शून्य, विधी शून्य, विद्यार्थी शिकतात. नानाजी देशमुख, आपल्या हिंगोली भागातले, २०१० ला गेले तेव्हा त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला. दहावा नाही तेरावा नाही.

शवागारात_नोकरी
एम्सपर्यंत जायला नको, आपल्याकडे १९४९ चा शरीररचना कायदा आहे, मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो. पण 'करा आणि विसरा' असं नसतं हो. पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत, एचआयव्ही, कावीळ बी, असलं काही असेल तर नाही. फॉर्म भरला तरी मेल्यावर फोन घरच्यांनीच करायचा असतो आणि घरच्यांनी नाही म्हटलं की फॉर्म गेला कपाटात. माझ्यासमोर दोन भावांचं यावरून भांडण झालंय, देह मधे आणि दोघं दोन बाजूला. डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत, पंखा बंद करायचा, पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोळे दिल्यावर दहनही करता येतं, दफनही.

तुळसताई, मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत झाली ना? हिशोबात ते दिसलं नाही म्हणून विचारलं. पुढे बँक, पेन्शन, सोसायटी, सगळं त्या दाखल्यावर अडतं, चार-पाच प्रती काढून ठेवा.

जर्सीतला_नाना
दरपत्रकाची गोष्ट निघाली म्हणून. अमेरिकेत १९८४ पासून केंद्राचा नियम आहे, फ्युनरल होममध्ये पाऊल ठेवून विचारलंत की छापील दरपत्रक हातात द्यावंच लागतं, फोनवर विचारलं तरी दर सांगावे लागतात, आणि थेट दहन हवं असेल तर पेटी घ्याच अशी सक्ती करता येत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यातही चालतं. वडील इथेच गेले माझ्याकडे आले असताना. मी तीन ठिकाणी फोन केले, पहिला आणि तिसरा यांच्यात दुपटीपेक्षा जास्त फरक, काम तेच. दहनाचं बटण मी दाबलं. पुण्याच्या भावाने व्हिडिओ कॉलवर मंत्र म्हणून घेतले. तेव्हा ताई बरोबर आहेत, विचारायला लाज कसली.

रामकुंडावरचा
नाना, तुमच्याकडे २०२३ चा मधला आकडा आठ हजार तीनशे डॉलर आहे दफनाचा आणि दर्शनासकट दहनाचा सहा हजारांच्या वर. दरपत्रकं लावून चाळीस वर्षांत हे झालं. इथे शेजारचे चार जण तिरडी बांधतात, कोणीतरी पिठलं-भात आणून देतं, खांदा द्यायला अनोळखी माणूस येतो. त्याचं दरपत्रक लावा बघू.

जर्सीतला_नाना
बरोबर आहे. पण ताईंच्या सोसायटीत तिरडी बांधता येणारे चार जण आहेत का ते विचारा आधी.

गच्चीवरची_तुळस
एकच होते. तळमजल्यावरचे काका, ७६ वर्षांचे. गाठ कशी मारायची ते फक्त त्यांना येत होतं, बाकीचे सगळे बांबू धरून उभे.

चंदनवाडी_लोकल
अवांतर, स्मशानावर १८ टक्के जीएसटी लागतो असा मेसेज परत फिरतोय, आमच्या ग्रुपवर कालच आला. साफ खोटं. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार, देहाची वाहतूक या सेवा जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत म्हणजे कराच्या बाहेरच. १८ टक्के होता तो स्मशान बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या कामावर. तेव्हा कोणी या सेवांवर जीएसटी लावला तर देऊ नका.

मुलुंडचा_खडूस
बरं तुळसताई, बिलाचं मागे घेतो अर्धं. पण वीज-लाकडाचं नाही. मेलेल्या माणसाला काही कळत नाही, उरलेल्यांना कळतं. दिरांना समाधान मिळालं ना?

गच्चीवरची_तुळस
दिरांना मिळालं. नवरा अजून रात्री उठून बसतो, म्हणतो बाबांनी चार वेळा सांगितलेलं. उरलेल्यांमध्ये तोही येतो.

नोंदणी झाली, सहा प्रती काढल्या. आता एक कागद करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, दाखला लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, पालिकेच्या शववाहिनीचा नंबर (ती असते हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं), कोणाला काय हवंय. माझ्यापुढे वीज, नवऱ्यापुढे वीज, दोघांचे डोळे. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी चष्मा लावून हा अख्खा धागा वाचून काढला आणि म्हणाल्या, माझ्यापुढे शेणी लिही.

पंचगंगाकाठ
आज्जींना म्हणावं शेणीची काळजी करू नका, ट्रॉलीभर ठेवतो. पन त्याच्या आधी एकदा तांबडा-पांढरा खायला या.

गच्चीवरची_तुळस
त्या शाकाहारी आहेत. मिसळ चालेल म्हणतायत.